पार्श्वभूमी : शिकारीची दुनळी आणि तबकडीची बंदूक

खानदेशात हवेत उडवलेल्या तबकडीवर नेम शिकायची इच्छा झाली की पहिली नजर घरातल्या कपाटाकडे जाते. शहादा, चोपडा, रावेरकडच्या जुन्या बागायतदार घरांत आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी कापडात गुंडाळून ठेवलेली असते. परवान्यावर तिची नोंद ‘डीबीबीएल’, म्हणजे मागून भरायची दुनळी, अशी असते. बंदूक चांगलीच असते, पण ती ज्या कामासाठी घडवली ते काम वेगळे होते. पहिली बंदूक निवडताना लागणारी बहुतेक उत्तरे या दोन कामांतल्या फरकात सापडतात.

या भागात बंदुकीचा इतिहास जंगलाच्या अंगाने आला. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वाघाच्या शिकारी सातपुड्याच्या पायथ्याशी चालत आणि रान ओळखणारे भिल्ल जवान त्यांच्या बरोबर असत. 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची बंदी झाली, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे इंग्रजी बनावटीची मोडून भरायची दुनळी गावात आली ती जहागीरदार, वतनदार आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी. पिकांच्या राखणीला बाकीच्यांकडे ठासणीची बंदूक असे. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला. बंदुका घरातच राहिल्या, त्यांचे काम तेवढे गेले.

तबकडीचा खेळही शिकारीतूनच निघाला, पण दुसऱ्या वाटेने. इंग्लंडमध्ये खोक्यात कोंडलेले जिवंत कबूतर दोरी ओढून सोडत आणि उडताना टिपत. त्या खोक्याला ‘ट्रॅप’ म्हणत, आणि खेळाचे नाव आजही तेच आहे. पुढे कबुतरांच्या जागी काचेचे पोकळ गोळे आले. ते हवेत उभे चढत आणि खाली पडत, पक्ष्यासारखे सपाट पळत नसत. 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने चपटी तबकडी काढली. ती गिरकी घेत दूर जाई, म्हणून नेमबाजाला पक्ष्यासारखाच पुढचा अंदाज धरावा लागे. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ट्रॅप होते. तबकडीचा दुसरा प्रकार, स्कीट, अमेरिकेत 1920 च्या सुमारास तितराच्या शिकारीचा सराव म्हणून सुरू झाले आणि 1968 मध्ये ऑलिम्पिकमध्ये गेले.

भारतात 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. बिकानेरचे कर्णीसिंह 1960 ते 1980 या काळात पाच ऑलिम्पिक खेळले आणि 1962 च्या कैरो जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचे रौप्य मिळवले. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्यांच्या प्रकारात, रौप्य जिंकले. तोपर्यंत हा खेळ संस्थानिकांच्या हातून फौजेच्या आणि सामान्य घरांतल्या मुलांच्या हातात आला होता.

तबकडी म्हणजे डांबराचा राळेसारखा घट्ट भाग आणि चुनखडीची भुकटी. व्यास 110 मिलिमीटर, वजन सुमारे 105 ग्रॅम. हातात घेतली तर कडेला खाचांच्या गोल रेघा लागतात आणि मध्ये घुमट असतो. फेकयंत्राच्या झटक्यात ती टिकते, पण दोन-चार छर्रे लागले की फुटते. जळगावच्या मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, उन्हात ठेवलेल्या पेटीतल्या तबकड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. मऊ तबकडीला छर्रा भोक पाडून जातो, ती फुटत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते नेम चुकला. म्हणून उन्हाळ्यात पेट्या सावलीत ठेवाव्यात आणि सराव सकाळी उरकावा.

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये खंदकात 15 यंत्रे असतात. नेमबाज त्यांच्या 15 मीटर मागे पाच जागांवरून मारतो. तबकडी साधारण 76 मीटर जाईल अशी सोडतात आणि ती 30 ते 35 मीटरवर असताना छर्रा तिच्यापर्यंत पोचतो. स्कीटमध्ये उंच आणि बुटक्या अशा दोन घरांतून तबकड्या आडव्या येतात, अंतर 20 मीटरच्या आसपास, आणि बंदूक कमरेपाशी धरून सुरुवात करावी लागते. एका फेरीला 25 तबकड्या. ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार काढता येतात, म्हणून एका फेरीला 25 ते 50 काडतुसे लागतात. चार फेऱ्यांचा दिवस म्हटला तर शंभर ते दोनशे बार खांद्यावर बसतात.

शिकारीच्या दुनळीची आणि या खेळाची फारकत इथे होते. जोडनळी बंदूक दिवसभर हातात घेऊन चालायची आणि चार-सहा बार काढायची. ती हलकी हवी, म्हणून तिचे वजन तीन किलोच्या आसपास असते. तबकडीची बंदूक साडेतीन ते चार किलोची असते. 24 ग्रॅम छर्ऱ्याचे एकच काडतूस 3 किलोच्या आणि 3.8 किलोच्या बंदुकीतून मारले तर दुसरीत धक्क्याची ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. पहिल्या दहा बारांत हा फरक कळत नाही, ऐंशीव्या बाराला कळतो. खांदा दुखायला लागला की बार व्हायच्या आधी डोळे मिटतात, मान आखडते, चाप हिसकला जातो. ही सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात. नवख्याला हलकी बंदूक बरी हा समज म्हणूनच उलटा आहे. अंगाला जड होणार नाही इतकी जड बंदूक घ्यावी.

दुसरा फरक नळ्यांच्या मांडणीचा. शेजारी-शेजारी दोन नळ्या असल्या की डोळ्यासमोर रुंद पट्टा येतो आणि तबकडीची खालची बाजू झाकली जाते. नळीवर नळी असली की नजरेला एकच अरुंद रेघ मिळते. लंडनच्या बॉस कंपनीने 1909 मध्ये अशी बंदूक काढली, पण ती फार महाग होती. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियममध्ये कारखान्यात करता येईल अशी रचना तयार केली. 1926 मध्ये त्याच कामात असताना ते वारले आणि बंदूक पुढे 1931 पासून विक्रीला आली. 1957 मध्ये इटलीत पेराझी सुरू झाली. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचे ट्रॅप सुवर्ण एन्नियो मत्तारेल्ली यांनी त्याच कंपनीच्या बंदुकीने जिंकले, आणि तिथून ओव्हर-अंडर, म्हणजे नळीवर नळी, हा या खेळाचा रिवाज झाला. पुढचा हात मागे-पुढे ओढून भरायची पंप-अॅक्शन बंदूक आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाही. स्वयंचलित भरणीच्या बंदुकीचा धक्का सौम्य असतो, पण ती रिकामी पुंगळी शेजारच्यावर फेकते, आणि ती मोडून ‘रिकामी आहे’ हे लांबून दाखवता येत नाही. पहिली बंदूक म्हणून ओव्हर-अंडरच घ्यावी.

ब्रँडवर लोक तासन्‌तास बोलतात आणि दस्त्याकडे, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाकडे, पाहत नाहीत, हे फार खटकते. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, नसते. मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळा, आणि डोळा कुठे येणार हे दस्ता ठरवतो. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर अंतर असते. डोळा 3 मिलिमीटर सरकला की 35 मीटरवर छर्ऱ्याचा मधला भाग दहा सेंटिमीटर सरकतो. एक सेंटिमीटर सरकला तर हातभर. जुन्या शिकारी दुनळीचा दस्ता बराच खाली उतरता असतो, टाचेपाशी (खांद्याकडच्या टोकाला) नळ्यांच्या रेषेपासून 60 मिलिमीटर किंवा जास्त. तिच्यावर गाल दाबला तर डोळा नळ्यांच्या खाली जातो आणि समोर नुसते लोखंड दिसते. म्हणून नवखा गाल उचलतो, आणि दर वेळी वेगळा उचलतो. ट्रॅपच्या दस्त्याला वरच्या कडेपाशी उतार 35 ते 37 आणि टाचेपाशी 45 ते 50 मिलिमीटर ठेवतात. तबकडी चढती असते, म्हणून बार थोडा वरच बसायला हवा. स्कीटचा दस्ता थोडा जास्त उतरता चालतो.

मापे अशी बघावीत. बंदूक रिकामी आहे हे मोडून दोनदा पाहावे. डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल टेकवावा, मग डोळे उघडावेत. नजर रिबच्या, म्हणजे नळीवरच्या चपट्या पट्टीच्या, मधोमध, किंचित वरून गेली पाहिजे. नाक आणि चाप धरलेल्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. कमी असेल तर बाराला अंगठा नाकावर आपटतो. चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंत कारखान्याची लांबी 370 मिलिमीटरच्या आसपास असते. ठेंगण्या माणसाला आणि बहुतेक मुलामुलींना ती जास्त होते, मग बंदूक काखेत अडकते. दस्ता कापता येतो, पण हे सुताराकडे द्यायचे काम नाही. कापल्यावर तोल पुढे जातो, तोही पाहावा लागतो. शेवटी 16 मीटरवर मीटरभर कागद लावून, नेम न लावता नजर मध्यावर ठेवून पाच-सहा बार काढावेत. मध्य एक इंच हुकला तर दस्त्यात एक-सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, बदल करायचा हा जुन्या कारागिरांचा हिशेब आजही चालतो. कोणता डोळा जोरकस आहे हेही आधीच पाहावे. उजव्या खांद्याच्या माणसाचा डावा डोळा जोरकस असेल तर साधा दस्ता ते भरून काढत नाही.

नळीची लांबी ट्रॅपसाठी 30 ते 32 इंच, स्कीटसाठी 28 ते 30. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला आवळा. न्यूकॅसलच्या पेप यांनी 1866 मध्ये त्याचे पेटंट घेतले. फुल चोक साधारण एक मिलिमीटर, हाफ त्याच्या निम्मा. ट्रॅपला पहिल्या बाराला हाफ किंवा पाऊण आणि दुसऱ्याला फुल, स्कीटला जवळजवळ सरळ नळी. दोन्ही खेळून बघायचे असतील तर बदलत्या चोकच्या नळ्यांची 30 इंची बंदूक घ्यावी. छर्रे आंतरराष्ट्रीय नियमानुसार 24 ग्रॅमच्या वर नकोत. ट्रॅपला साडेसात नंबर, स्कीटला नऊ.

आता पुन्हा कपाटातली दुनळी. तिचा खरा धोका चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागात, आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांची चेंबरे बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर असतात. आजचे काडतूस 70 मिलिमीटरचे, पण हे माप बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीचे आहे. दुमडलेल्या तोंडाचे न मारलेले काडतूस 58 मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे ते 65 च्या चेंबरात सहज बसते, बंदूक नीट मिटते आणि कुणाला शंका येत नाही. बार होताना मात्र पुंगळीचे तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. नळ्या उतरवून खालच्या बाजूचे प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, शिक्के वाचावेत, चेंबर गेजने मोजून घ्यावे. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या काळातली. तिच्यातून आजचे काडतूस मारू नये.

वापरलेली ओव्हर-अंडर घेताना पुढचा लाकडी हात काढून नळ्या हलवून पाहाव्यात, खटखट नको. वरची कळ मिटलेल्या स्थितीत मधोमध किंवा किंचित उजवीकडे हवी, डावीकडे गेलेली म्हणजे कुलूप झिजले. नळ्या उजेडाकडे धरून आतल्या सावलीच्या कड्या पाहाव्यात. कडी तुटलेली दिसली तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. नळ्या टांगून लाकडाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद यावा. बोदा आवाज आला तर रिबचा डाग (सोल्डरचा जोड) सुटला आहे. दस्त्याची भेग लोखंड जिथे लाकडात शिरते तिथे शोधावी.

परवान्याची बाजू आधी पाहावी, कारण बंदूक कितीही आवडली तरी ती परवान्यावरच येते. जळगाव, धुळे, नंदुरबारला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. परवानाधारकाच्या पश्चात, किंवा त्याला सत्तर वर्षे झाल्यावर अथवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मात्र 2019 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाची दुनळी त्यांतली एक धरली जाते. मान्यताप्राप्त क्रीडा नेमबाजांसाठी नियम वेगळे आहेत. परदेशी बंदुकीची आयात राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीने नेमबाजांपुरतीच होते, म्हणून इथल्या बाजारात जुन्या ओव्हर-अंडरची किंमत चढी राहते. परवान्यावर हेतू, हद्द आणि काडतुसांची संख्या लिहिलेली असते. पीक संरक्षणाच्या परवान्यावर मळ्यात तबकड्या उडवू नयेत. साडेसातचा छर्राही दोनशे मीटरपर्यंत जातो, आणि केळीच्या बागेत माणसे कुठे वाकलेली आहेत ते दिसत नाही.

म्हणून पहिला महिना बंदूक न घेता काढावा. भुसावळहून रेल्वेने गाठता येईल असे शॉटगनचे मैदान भोपाळला मध्य प्रदेशच्या अकादमीत आहे, त्यापलीकडे दिल्लीत तुघलकाबादला 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली कर्णीसिंह रेंज. प्रवेश मिळेल तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दस्ता कमी-जास्त करता येणाऱ्या बंदुकीवर चार-सहा फेऱ्या माराव्यात. मग लांबी, वरच्या कडेचा उतार, टाचेचा उतार आणि दस्त्याचे बाजूचे वळण हे चार आकडे मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावेत, आणि विक्रेत्याकडे जाताना तो कागद आणि मोजपट्टी बरोबर ठेवावी.