थांग काळातील तलवार, कुंचला आणि कविता

चीनच्या थांग घराण्यातील सम्राट वेनझोंग (राज्यकाळ ८२७–८४०) याने ली बायची कविता, सेनापती पेइ मिनचे तलवारनृत्य आणि झांग शूचे झरझर ओढलेले अक्षरलेखन या तिघांना अजोड ठरवणारी राजाज्ञा काढली, तेव्हा ली बायला जाऊन साठाहून अधिक वर्षे लोटली होती. कवी आणि सुलेखनकार यांच्या पंक्तीला तलवारबहाद्दर कसा बसला, हे समजण्यासाठी त्याआधीच्या शतकात जावे लागते.

थांग सैन्याचे रणांगणावरील मुख्य पाते एकधारी होते. सरळ दुधारी तलवार हळूहळू लढाईतून मागे पडली आणि अधिकारी, ताओपंथी साधक व कवी यांच्या कमरेला मानचिन्ह म्हणून राहिली. सम्राज्ञी वू झेतियानने ७०२ मध्ये सैनिकी अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा सुरू केली, तिचा भर घोड्यावरून तीर मारणे, भाला चालवणे आणि अंगातली ताकद यांवर होता. दुधारी तलवारीचे कौशल्य त्यामुळे लष्करी छावणीपेक्षा मेजवानीत, देवळाच्या आवारात आणि दरबारात अधिक दिसू लागले, आणि तेथे ते पाहणारे लोक लिहिणारे व रंगवणारे होते. ली बाय स्वतः एका वजनदार अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात पंधराव्या वर्षापासून आपल्याला तलवारीचा नाद होता असे सांगतो. अर्थात ते पत्र नोकरीच्या शिफारशीसाठी लिहिलेले होते, हे विसरून चालत नाही.

पेइ मिनची सर्वांत प्रसिद्ध कथा लोयांगच्या तियानगोंग मंदिरातली आहे. आईच्या निधनानंतर तिच्या पुण्यासाठी तेथील भिंतीवर देवतांची चित्रे काढावीत, अशी विनंती त्याने चित्रकार वू दाओझी याला केली. आपला हात बराच काळ कुंचल्यावर चाललेला नाही, तेव्हा आधी तलवारीचे हात करून दाखवावेत, म्हणजे स्फूर्ती येईल, असे वूचे उत्तर होते. पेइने सुतकी वस्त्रे उतरवली, घोड्यावर झेप घेतली आणि तलवार उंच आभाळात भिरकावली. विजेसारखी खाली येणारी ती तलवार त्याने हातातल्या म्यानात अचूक झेलली. हजारो बघ्यांच्या अंगावर काटा आला आणि वूने लगोलग भिंत रंगवायला घेतली. ही कथा नंतरच्या शतकातील ग्रंथांतून आली असल्याने तपशील फुगलेला असणार, पण चित्रकाराने तलवारबाजाकडून गती घ्यावी ही कल्पना तेव्हाच्या वाचकांना पटणारी होती. वूने चित्रकलेकडे वळण्यापूर्वी अक्षरलेखनाचे धडे झांग शूकडेच घेतल्याचे ८४७ मधील एक चित्र-इतिहास नोंदवतो.

याहून भक्कम साक्ष कवी दू फूची आहे. ७६७ मध्ये यांगत्से नदीकाठच्या क्वीजौ येथे एका अधिकाऱ्याच्या घरी त्याने ली आडनावाच्या नर्तकीचे तलवारनृत्य पाहिले आणि चौकशी करता ती गोंगसुन या थोर नर्तकीची शिष्या निघाली. लहानपणी आपण यानचंग येथे गोंगसुनचे नृत्य पाहिल्याचे त्याला आठवले. कवितेच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की तिचे नृत्य वारंवार पाहिल्यामुळे झांग शूच्या लेखणीत सुधारणा झाली. मधल्या काळात, ७५५ ते ७६३ या वर्षांत, सेनापती आन लुशानच्या बंडाने राजधानी चांगआन उद्ध्वस्त केली होती आणि सम्राट श्वानझोंगचे कलावंत देशोधडीला लागले होते. म्हणूनच ही कविता नृत्याची जेवढी, तेवढीच त्या दरबाराच्या पडझडीची आहे. गोंगसुनच्या हातात खरोखर तलवार होती की ती लष्करी वेषात रिकाम्या हातांनी नाचत होती, यावर नंतरच्या चिनी अभ्यासकांत वाद झाला, आणि कविता एवढी ओजस्वी असूनही हाताची ठेवण किंवा पदन्यास सांगत नाही, त्यामुळे तो मिटणे कठीण आहे.

आपल्याकडे चिनी युद्धकला म्हटले की शाओलिन आणि बोधिधर्म आठवतात, पण तेथेही पुरावा असाच तुटपुंजा आहे. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्षूंनी भावी सम्राट ली शिमिनला लढाईत मदत केल्याचे मठातील ७२८ चा शिलालेख सांगतो. ते कोणत्या पद्धतीने लढले हे सांगत नाही. बोधिधर्माच्या नावावरचे व्यायामाचे पुस्तक तर सतराव्या शतकातले आहे.

वू दाओझीची मंदिरांतील भित्तिचित्रे नष्ट झाली. ली बायच्या हातची मानली जाणारी पंचवीस अक्षरे बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. तलवारीच्या बाबतीत मिंग काळातील लष्करी ग्रंथकार माओ युआनयी याला १६२१ मध्ये असे नोंदवावे लागले, की प्राचीन दुधारी तलवारीची विद्या चीनमधून लोपली असून, त्याने छापलेली पद्धत कोणा हौशी माणसाने कोरियातून मिळवलेली आहे.