शब्द न येणं आणि शब्द कानाला न लागणं

जर्मनच्या ऐकण्याच्या पेपरात गुण कमी पडले की विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘शब्दच कमी पडतात हो!’ मग तो आणखी एक यादी पाठ करतो आणि पुढच्या खेपेलाही गुण तेवढेच. वर्गात शिकवताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

शब्द न येणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोश उघडायचा, अर्थ लक्षात ठेवायचा, झालं.

खरा घोळ दुसरीकडे आहे. कागदावर दिसला तर क्षणात कळणारा शब्द बोलण्याच्या ओघात ओळखूच येत नाही. ‘हास्ट डू आइनन मोमेंट?’ म्हणजे ‘जरा वेळ आहे का?’. यातला प्रत्येक शब्द पहिल्या महिन्यातला. पण घाईत असलेला जर्मन माणूस म्हणतो, ‘हास्टऽन मोमेंट?’ ‘हाबन वीअर’चं (‘आपल्याकडे आहे’) कित्येकांच्या तोंडी ‘हाम्वा’ होतं. विद्यार्थ्याला वाटतं, हा काहीतरी नवा शब्द आहे, आणि तो कोशात शोधत बसतो. आपणही हेच करतो की. पुस्तकातून मराठी शिकलेल्याला ‘तू काय करत आहेस’ पाठ असतं, आपण विचारतो ‘काय करतोयस?’ आणि तो बिचारा गोंधळतो.

आपलं दुखणं कुठलं, हे पाच मिनिटांत कळतं. वीस सेकंदांचं बोलणं तीनदा ऐका, ऐकू येईल ते लिहा, मग त्याचा छापील मजकूर समोर घ्या. जे निसटलं त्याखाली रेघ ओढा. रेघेवरचे शब्द अनोळखी असतील तर खुशाल यादी करा. ओळखीचे निघाले तर यादी बाजूला ठेवा. मजकूर बघत ऐका, मग न बघता ऐका, शेवटी त्याच वेगात, तसंच गिळून, स्वतः म्हणा. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या रेघा ओळखीच्याच शब्दांखाली असतात.

‘सिनेमे बघा, आपोआप येईल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. खाली इंग्रजी ओळी असल्या की आपण वाचतो, ऐकत नाही. वेग कमी करूनही गिळलेला ‘आइनन’ परत येत नाही. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या उत्तम, पण शब्दांसाठी. तिथे कुणी काही गिळतच नाही.

आकड्यांचा मात्र बाऊ नको. जर्मनमध्ये पंचविसातला पाच आधी येतो, तसाच मराठीतही. इंग्रजीतून वळसा घालू नका, एवढंच.

वर्गात ध्वनिफीत लावून नुसती बरोबर-चूक तपासली की त्याला ऐकणं शिकवलं म्हणतात, याची मला खरोखर चीड येते. ती परीक्षा झाली. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या ए-१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मन परीक्षेत ऐकण्याच्या पेपरातला मधला भाग एकदाच ऐकवतात. त्या एका खेपेला ‘हास्टऽन’ कानाला लागायचं, तर आधी कुणीतरी ते उलगडून दाखवलेलं असायला हवं.