पार्श्वभूमी : जुहू विमानतळाची सुरुवातीची वर्षे

सांताक्रूझच्या आधी मुंबईचा विमानतळ म्हणजे जुहू. 1928 साली विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, समुद्रालगतच्या खाजणावर तो सुरू झाला. नागरी विमानांसाठीचा देशातला हा पहिलाच विमानतळ.

त्याला महत्त्व आलं ते टपालामुळे. इम्पिरियल एअरवेज ही ब्रिटिश विमान कंपनी लंडनची डाक कराचीपर्यंत आणत असे. तिथून ती मुंबई-मद्रासकडे विमानानेच न्यावी, ही योजना नेव्हिल विन्सेंट या माजी हवाई दल वैमानिकाची. टाटांनी ती उचलली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ हे छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला बर्मा शेल या तेल कंपनीने बैलगाडीतून आणलेल्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून इंधन भरलं आणि दुपारी ते जुहूला उतरले. पुढे विन्सेंट डाक घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. एकच इंजिन, रेडिओ नाही. वाट शोधायची ती होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणाऱ्या खुणांवरून. अशा साधनांवर डाक वेळेत पोचवणं ही फार मोठी कामगिरी होती, आणि तिची आठवण आज पुरेशी ठेवली जात नाही.

जुहूची खरी अडचण जमिनीची. सपाट, मोकळी, पण सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्राकडे उतरत नाही, ते मैदानावरच तुंबतं. चिखलात चाकं रुतली की विमानाला उड्डाणापुरता वेग येत नाही. जोरात रुतली तर विमान नाकावर कलंडून पंखा मोडतो. म्हणून पावसाळ्यात टाटांची विमानं, तंत्रज्ञ, सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. तिथे येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून काम चाले.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला आणि युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे गेली. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, त्यात समुद्रावरून येताना आधी जुहू लागतं. 1953 साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट चुकून इथे उतरलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 जेटची तीच चूक झाली. जुहूची मुख्य धावपट्टी साधारण 1,140 मीटरची. एवढ्या मोठ्या जेटला ती अपुरीच पडणार. विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि निकामी झालं, सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

हेलिकॉप्टरला मात्र एवढी लांबी लागतच नाही. त्यामुळे 1985 साली स्थापन झालेल्या पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीने आपला तळ इथेच ठेवला, आणि मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं जुहूहूनच उडतात.