नाचणीचं सत्व आणि घरची बिअर: मोडाच्या आत काय चालतं

लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा आई इकडे मिशिगनला आमच्याकडे आली होती आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने बॅगेतून नाचणी काढून भिजत घातली. रात्रभर भिजवली, सकाळी निथळून पंच्यात घट्ट बांधली, दीड-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड आले, मग वाळवून कढईत मंद आचेवर जराशी परतून मिक्सरला दळली. बाळाच्या खिरीसाठी, आमच्याकडे त्या पिठालाच सत्व म्हणतात. नेमकं त्याच आठवड्यात मी बिअरची नवीन बॅच लावायच्या तयारीत होते, साडेचार किलो माल्ट आणून ठेवला होता, आईने त्या पिशवीत हात घालून दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाली, "अगं हे सातू आहेत ना? गोड लागतायत, मोड आणलेत का यांना?"

बरोबर ओळखलं तिने. माल्ट म्हणजे दुसरं काही नाही, मोड आणून वाळवलेला जव, म्हणजेच सातू.

घरी बिअर करते म्हटलं की लोक आधी यीस्टबद्दल विचारतात, नाहीतर हॉप्सबद्दल (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं), आणि ते दोन्ही महत्त्वाचे आहेतच, पण मला विचाराल तर बिअरचं खरं इंगित मोडात आहे. यीस्टला साखर लागते. द्राक्षात साखर तयारच असते, त्यामुळे द्राक्षं कुस्करून ठेवली तरी आंबायला लागतात. पण धान्यात साखर नसते, असतो स्टार्च, आणि बिअरचं यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही. साधा जव दळून पाण्यात कालवून त्यात कितीही यीस्ट टाका, बिअर होणार नाही. म्हणजे आधी कोणीतरी त्या स्टार्चची साखर करून द्यायला हवी, आणि ते काम धान्याचा दाणा स्वतःच करतो, फक्त त्याला मोड यावा लागतो.

का करतो? कारण दाण्यातला स्टार्च हा बाळरोपाचा शिधा आहे. पानं येऊन उन्हावर स्वतःचं अन्न तयार करता येईपर्यंत रोपाला त्या शिध्यावर जगायचं असतं, आणि स्टार्च तसाच्या तसा त्यालाही वापरता येत नाही, त्याची साखर व्हावी लागते. दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं हार्मोन सोडतो. स्टार्चच्या साठ्याभोवती पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला ॲल्युरोन म्हणतात, हार्मोन तिथे पोचलं की तो थर एन्झाइम बनवायला लागतो. काही एन्झाइम स्टार्चभोवतीच्या पेशींच्या भिंती विरघळवतात, काही प्रथिनं तोडतात आणि काही स्टार्चच कापतात. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, म्हणजे मटकीला मोड येताना आपल्याला फक्त ते पांढरं शेपूट दिसतं, पण आत एवढी मोठी व्यवस्था कामाला लागलेली असते.

माल्ट करणारे लोक जवाला साधारण दोन दिवस भिजवतात, मधेमधे पाणी काढून हवा देतात, मग चार-पाच दिवस १५ ते १८ अंशांच्या आसपास मोड येऊ देतात, आणि मोडाने सगळा शिधा संपवायच्या आत गरम हवेने वाळवून ते काम थांबवतात. हलक्या रंगाच्या माल्टसाठी शेवटी ८०-८५ अंशांपर्यंत नेतात. वाळवणं हळूहळू करतात, कारण ओल्या दाण्याला एकदम आच लागली तर एन्झाइम मरतात, आणि ओल आधी निघून गेली की तेच एन्झाइम बऱ्यापैकी उष्णता सोसतात. (आई नाचणी आधी वाळवते आणि मगच मंद आचेवर परतते, त्यामागे हेच आहे.) स्टाउट नावाच्या काळ्या बिअरसाठी काळाकुट्ट भाजलेला माल्ट मिळतो, तो २०० अंशांच्या वर भाजलेला असतो, त्यात एन्झाइम उरतच नाहीत, म्हणून तो रंगाला आणि चवीला मूठ-दोन मूठ टाकायचा, मुख्य धान्य हलकंच ठेवायचं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे, आम्ही दोघींनी तेव्हा केला होता. दोन पातेल्यांत सारखंच पाणी, एकात साधं नाचणीचं पीठ, दुसऱ्यात तेवढंच मोड आलेल्या नाचणीचं. दोन्ही मंद आचेवर ढवळत राहायचं. साधं पीठ बघता बघता घट्ट होतं, चमचा उभा राहील असं, आणि मोडाचं पीठ जरा घट्ट होतंय असं वाटेपर्यंत परत सैल पडतं, पळीवरून धार लागते. आई म्हणाली, म्हणून तर बाळाला गिळायला सोपी जाते आणि पीठही जास्त घालता येतं. बिअर करताना त्या पहिल्या तासात हेच घडतं, फक्त वीस लिटरच्या मापात.

त्या तासाला मॅश म्हणतात. दळलेला माल्ट (भरडच, पीठ नाही करायचं, साल शाबूत राहिली पाहिजे कारण पुढे तीच गाळणी होते) साधारण पंधरा लिटर गरम पाण्यात कालवायचा. पाणी ७२ अंशांचं घेतलं की माल्ट पडल्यावर सगळं मिळून ६६-६७ वर येतं, आणि तिथेच तासभर टिकवायचं. मी जुन्या आइसबॉक्समध्ये करते, झाकण लावलं की तासात एखादाच अंश उतरतो.

६६ च का, हा या अख्ख्या छंदातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ समजा, काही माळा सरळ, काहींना फांद्या फुटलेल्या. कापणारे एन्झाइम मुख्यतः दोन. बीटा-अमायलेज माळेच्या टोकापासून दोन-दोन मण्यांचे तुकडे तोडत जातं, त्या दोन मण्यांच्या तुकड्याला माल्टोज म्हणतात आणि यीस्टला तो चांगला पचतो. अल्फा-अमायलेज माळेत मधेच कुठेही कापतं, त्यामुळे मोठे तुकडे पडतात, नवीन टोकं तयार होतात आणि बीटाला काम करायला जागा मिळते. आता मेख अशी की बीटाला ६० ते ६५ अंश मानवतात आणि ७० च्या पुढे ते काही मिनिटांत बाद होतं, अल्फा मात्र ७० ला जोरात असतं. म्हणजे ६३-६४ ला मॅश केलं की बहुतेक सगळी पचणारी साखर होते, बिअर हलकी आणि कोरडी लागते. ६९-७० ला केलं की मोठे तुकडे तसेच राहतात, यीस्टला ते खाता येत नाहीत, बिअर जाड आणि गोडसर राहते. तेच धान्य, तेच पाणी, तेच यीस्ट, आणि पाच-सहा अंशांनी पिण्याचा प्रकार बदलतो!

मला हे पुस्तकातून कळलं होतं पण पटलं ते एका फसलेल्या बॅचमुळे. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते, ती रसात तरंगते आणि घनता सांगते, पाणी १.००० धरून. त्या बॅचची सुरुवात १.०५० ने झाली, अगदी हवी तशी, आणि मग ती १.०२० वर येऊन थांबली. आठवडा थांबले, ऊब दिली, यीस्ट हलवून बघितलं, पण काटा हलेना. सगळं नीट झालं असतं तर १.०१२ च्या आसपास यायला हवी होती, म्हणजे साधारण ५ टक्के अल्कोहोल, ते चारच्याही आत राहिलं, आणि चव काढ्यासारखी दाट गोड. यीस्टला दोष देत होते. शेवटी सहज थर्मामीटर खळखळत्या उकळत्या पाण्यात धरला तर ९५ दाखवत होता. म्हणजे तो मला ६६ सांगत होता तेव्हा मॅश खरं तर ७१ च्या आसपास होतं आणि बीटा बिचारं सुरुवातीलाच गेलं होतं. तेव्हापासून दर बॅचच्या आधी थर्मामीटर एकदा बर्फाच्या पाण्यात आणि एकदा उकळत्या पाण्यात धरून बघते, तुम्हीही बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे एन्झाइम मुळात माल्टमधूनच माणसाला पहिल्यांदा हाती लागलं. १८३३ मध्ये आंसेल्म पेयाँ आणि झाँ-फ्रान्स्वा पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या पाण्यात अल्कोहोल घालून एक पांढरा साका वेगळा काढला, तो स्टार्चची साखर करत होता. त्यांनी त्याला डायस्टेज नाव दिलं, आणि आज अमायलेज, लायपेज, लॅक्टेज अशी जी एन्झाइमांची नावं आपण वाचतो त्यांच्या शेवटचं ते 'एज' या डायस्टेजवरूनच आलंय. एन्झाइम असं वेगळं काढण्याची ती पहिली वेळ, आणि सुरुवात मोड आलेल्या जवापासून!

तास झाला की पांढऱ्या बशीत चमचाभर रस घेऊन त्यात आयोडिनचा थेंब टाकते. स्टार्च उरला असेल तर निळं-काळं होतं, नसेल तर आयोडिनचा पिवळा-तपकिरी रंग तसाच राहतो. (तो नमुना फेकून द्यायचा, परत भांड्यात घालायचा नाही.) मग खालून तोटी उघडायची, चोथ्याचीच गाळणी होते, वरून आणखी गरम पाणी घालून उरलीसुरली साखर धुऊन घ्यायची. जो रस खाली येतो त्याला वर्ट म्हणतात, आईने चाखून बघितला आणि म्हणाली पातळ काकवी गं ही. चोथा वाळवून दळला की थालीपिठाच्या भाजणीत चालतो, आम्ही थोडा घातला होता, जरा खरखरीत लागतो पण खमंग होतो.

यापुढचं उकळणं त्या मानाने सरळ आहे. तासभर खळखळ उकळायचं, झाकण न ठेवता, कारण माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचा शिजलेल्या मक्यासारखा वास तयार होतो आणि तो वाफेबरोबर निघून जायला हवा. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणा देतात, त्यांच्यातली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मगच पाण्यात नीट उतरतात. शेवटच्या पाच मिनिटांत टाकलेले हॉप्स सुगंध देतात, कारण त्यांची तेलं उडून जायला वेळच मिळत नाही, आपण आमटीवर शेवटी कोथिंबीर घालतो तसंच. हॉप्समुळे बरेचसे नको ते बॅक्टेरियाही दबून राहतात. मग तांब्याच्या गुंडाळीतून गार पाणी फिरवून अर्ध्या तासात २० अंशांवर आणायचं. आणि इथून पुढे जे जे भांडं, नळी, चमचा रसाला लागेल ते आधी घासून धुतलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत, घाण राहिली तर निर्जंतुक करायचं द्रावण तिथे पोचतच नाही.

यीस्टचं काम विरजणासारखं आहे. दुधात पुरेसं आणि ताजं विरजण पडलं तर दही छान लागतं, कमी पडलं किंवा दूध फार गरम असलं तर दुसऱ्याच कोणाचं तरी फावतं. यीस्ट टाकायच्या आधी रस जोरात हलवून त्यात हवा मिसळायची, वाढायला त्याला ऑक्सिजन लागतो, आणि त्यानंतर मात्र बाटली उघडेपर्यंत हवा लागू द्यायची नाही. १२-१५ तासांत वर फेस चढतो आणि एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे सुटतात. हिशोब सांगते, १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साखरेचं जवळजवळ निम्मं वजन गॅस होऊन जातं. झाकण घट्ट बंद करून ठेवायचं नाही ते त्यासाठीच.

एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, पाव फुगवतो तेच, त्याला १८ ते २० अंश छान, पण आंबताना ते स्वतःही उष्णता सोडतं, आतला रस खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असू शकतो, त्यामुळे मी बेसमेंटमध्ये १६ ला ठेवते. फार तापलं तर जड, घशाला लागणारे अल्कोहोल तयार होतात. लागर हा बिअरचा दुसरा प्रकार, त्याचं यीस्ट ८ ते १३ अंशांत काम करतं, कारण ते संकरित आहे, एक पालक हेच पावाचं यीस्ट आणि दुसरा थंडी सोसणारं सॅकरोमायसीस युबायनस, जे २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलातल्या झाडांवर सापडल्याचं जाहीर झालं. तोवर लागर पिणाऱ्या जगाला दुसरा पालक माहीतच नव्हता.

आईचा खरा प्रश्न शेवटी आला, "अगं पण घरची दारू विषारी होते ना?" तिच्या मनात २०१५ ची मालाड-मालवणीची घटना होती, शंभरावर माणसं गेली. ती माणसं मिथेनॉलने गेली, आणि असं विष दारूत येतं ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल मिसळल्यामुळे. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल अगदी नगण्य असतं, आणि आपण ऊर्ध्वपातन करतच नाही, म्हणजे काही एकवटण्याचाही प्रश्न नाही. कायद्याचं मात्र नक्की बघा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली, दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही, तरी अलाबामा आणि मिसिसिपीत २०१३ उजाडलं. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी करता येत नाही, त्यामुळे तिकडच्या मित्रमैत्रिणींनी नाचणीच्या दोन पातेल्यांचा प्रयोग करावा, विज्ञान तेच आहे.

राहिला प्रश्न बाटल्यांचा, आणि इथे जिवाची काळजी घ्या. हायड्रोमीटर लागोपाठ तीन दिवस एकच आकडा दाखवत असेल तरच भरायचं. वीस लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळायची, उरलेलं यीस्ट ती खाऊन बाटलीतच गॅस करतं. आंबणं पूर्ण व्हायच्या आत भरलं किंवा साखर अंदाजपंचे टाकली तर काचेची बाटली फुटते, आणि ती काच लांबवर उडते. बाटल्या तपकिरीच घ्या, उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं तुटतात आणि कुबट वास येतो. दोन आठवडे कपाटात २० अंशांवर ठेवायच्या, मग एक फ्रिजमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी उघडायची, फस्स झालं तर बाकीच्या गार करायला घ्यायच्या, नाही झालं तर आणखी आठवडाभर कपाट बंद.