घडीच्या महागड्या चाकूवरचा ‘कस्टम’ शिक्का

अमेरिकेत अटलांटा शहरात दर जूनमध्ये चाकूंचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या काही टेबलांवर चाकू मांडलेले असतात, पण खिशात पैसे आहेत म्हणून ते उचलता येत नाहीत. आधी चिठ्ठी टाकायची. नाव निघालं तर विकत घ्यायचा हक्क मिळतो. किंमत हजार-दीड हजार डॉलर, कधी त्याच्या दुप्पट. नाव निघालेल्यांपैकी काही जण तो चाकू घरी न नेताच चढ्या भावानं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होतात.

या चाकूंना सर्रास ‘कस्टम’ म्हटलं जातं. गिऱ्हाइकानं माप दिलं, मुठीचं लाकूड निवडलं, पात्याचा आकार सांगितला आणि कारागिरानं तसं करून दिलं, तर त्याला कस्टम म्हणायला कुणाची हरकत नसते. चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसानं मात्र यातलं काहीच सांगितलेलं नसतं. समोर जे आहे ते घ्यायचं. तरी शिक्का तोच. हा घोळ गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार वाढला असला तरी त्याचं मूळ जुनं आहे.

फार मागे जायची गरज नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. चाकू एकाच माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत करावा, ही कल्पना युरोपातल्या चाकूंच्या जुन्या गावांमध्ये फारशी नव्हतीच. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १६२४ सालच्या कायद्यानं कारागिरांचा संघ उभा राहिला आणि पात्यावरच्या निशाण्यांची नोंद त्याच्याकडे आली. पण त्या निशाणीमागे घडवणारा वेगळा, सहाणेवर धरणारा वेगळा आणि मूठ बसवून जुळणी करणारा वेगळा असायचा. फ्रान्समधल्या थिएर गावात धार लावणारे कामगार नदीकाठच्या कारखान्यांत फळीवर पालथे झोपून चाकाशी काम करत, आणि थंडी वाजू नये म्हणून पायांवर कुत्रं बसवून घेत. त्यांनी धार लावलेल्या चाकूवर नाव दुसऱ्याचंच जाई, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

एकहाती कामाचा आग्रह आला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि आला तोही शिकारीच्या न मिटणाऱ्या चाकूंमधून. १९७० मध्ये स्वतंत्र कारागिरांची संघटना झाली. १९७६ मध्ये भट्टीवर पोलाद घडवणाऱ्यांची वेगळी संस्था निघाली आणि तिनं सरळ परीक्षाच ठेवली: स्वतः घडवलेल्या एकाच चाकूनं लोंबता दोर एका घावात तोडायचा, लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस उतरवून दाखवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. ते तुटलं की उमेदवार नापास. पोलादाला उष्णता किती दिली, पाणी कसं चढवलं, कणा मऊ आणि धार कडक कशी राखली, हे सगळं त्या एका पात्यात उघडं पडतं. तिथे ‘हे माझ्या हातचं आहे’ या म्हणण्याला वजन आहे.

घडीच्या चाकूसाठी अशी परीक्षा नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथेच आहे. मिटणारा चाकू हे छोटं यंत्र आहे. त्याचा कस लागतो तो पातं ज्यावर फिरतं त्या खिळीपाशी, उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या लॉकपाशी, पातं मिटल्यावर दोन्ही बाजूंना सारखी फट राहते की नाही यात. ही कामं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची आहेत, आणि तिथे चांगलं यंत्र चांगल्या हातापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतं. हातकामाची प्रतिष्ठा एका प्रकारच्या चाकूनं कमावली आणि किंमत दुसऱ्याच प्रकारानं वसूल केली.

किंमत अशी चढण्याआधी घडीचा चाकू म्हणजे कामाचा, स्वस्त जिन्नस होता. १९६४ च्या सुमाराचा बक ११० घ्या: पितळ, लाकूड, मागच्या कण्यात लॉक, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, कमरेच्या चामडी म्यानात ठेवायचा. उघडायला दोन हात लागत. १९८०-८१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका कारागिरानं मुठीच्या आतल्या धातूच्या पातळ पट्टीलाच स्प्रिंग करून ती पात्याच्या मागे सरकेल असं लॉक बसवलं. पातं झिजलं तर पट्टी आणखी थोडी आत सरकते आणि पकड तशीच राहते. हा खरोखर कारागिराच्या बाकावर लागलेला शोध, आणि त्याचं नाव त्यानं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवलं. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कंपनीनं मुठीला खिशाची क्लिप लावली आणि पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक पाडलं. चाकू कमरेवरून खिशात आला आणि एका हातानं उघडू लागला.

पुढची उडी दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात येऊन स्थायिक झालेल्या माणसाची. त्यानं आतली वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटेनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्याचं लॉक केलं. त्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत काम. मूठ बघायला साधी, करडी, वाळूचा मारा करून खरखरीत केलेली. खिळीपाशी नेमक्या मापाची नळी असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं अडत नाही आणि हलतही नाही. मालकानं स्वतः चाकू खोलावा, पुसावा, वंगण घालून परत जोडावा, पातं पुन्हा बरोबर मध्यभागी येतं. १९९० च्या दशकापासून पुढच्या जवळजवळ प्रत्येक महागड्या घडीच्या चाकूची तुलना याच्याशी होत आली. गंमत म्हणजे याला मिळालेले पुरस्कार कारखानदारीच्या गुणवत्तेचे आहेत. ज्या चाकूनं भाविक मंडळी तयार केली, तो कस्टम नव्हताच.

मग शिक्का एवढा पसरला कसा? एक कारण कायद्याचं. अमेरिकेत १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं बटण दाबून उघडणाऱ्या चाकूच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर बंदी आली. त्यामुळे कल्पकता दुसऱ्या वाटेनं गेली: बटण नको, पण उघडणं तितकंच झटपट हवं. १९९० च्या दशकाअखेर अंगठ्यानं थोडं ढकलल्यावर उरलेलं काम स्प्रिंग करेल अशी रचना बाजारात आली. ती बंदीत बसते की नाही यावर बरीच भवति न भवति झाली आणि २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तिला बाहेर ठेवलं गेलं. तोवर स्प्रिंगचीही गरज उरली नव्हती. पात्याच्या मागे बोटासाठी छोटं शेपूट, खिळीत सायकलसारख्या छर्‍यांची बेअरिंग, आणि मिटलेलं पातं धरून ठेवणारी सिरॅमिकची बारीक गोळी, एवढ्यावर पातं फटकन बाहेर येतं. चाकूचं कौतुक कापण्यावरून उघडण्यावर सरकलं ते या काळात. टीव्हीसमोर बसून तासभर चाकू उघडमीट करणाऱ्याला कापायचं काहीच नसतं. त्याला आवाज आणि झटका हवा असतो, आणि त्यासाठी तो आणखी पाचशे डॉलर मोजतो. यात गैर काही नाही. घड्याळाचे शौकीन तरी वेळ बघायला कुठे घेतात.

मागणी वाढली तसे कारागिरांचे हात अपुरे पडू लागले. ऑर्डरी घेणं बंद, यादी कित्येक वर्षांची, असं होऊ लागलं. या कोंडीतून २००० च्या दशकात ‘मिडटेक’ हा शब्द रुळला, आणि त्यानं जेवढं सोडवलं त्याहून जास्त गुंतवलं.

मूळ अर्थ सरळ होता. रेखाटन कारागिराचं, भाग बाहेरच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, कापून आलेले, आणि पात्याची घासाई, जुळणी, शेवटचा हात कारागिराचा. कस्टम आणि कारखाना यांच्या मधली पायरी, किंमतही मधली. पण रेषा कुठे ओढायची? पाण्याच्या जोरदार फवार्‍यानं पात्याचे आकार बाहेरून कापून आणायची पद्धत ‘पूर्ण कस्टम’ म्हणवणारे कारागीरही वापरत होतेच. स्टेनलेस पोलादाला हजार अंश सेल्सिअसच्या वर नेमकं तापमान धरून पाणी द्यावं लागतं. त्यासाठी कित्येक जण पाती व्यावसायिक भट्टीकडे पाठवतात, आणि ते शहाणपणाचंही आहे. स्क्रू विकतचे, बेअरिंग विकतची. मग एका माणसाचं म्हणावं असं नेमकं काय राहतं?

एक बाजू म्हणते, निर्णय त्याचा आणि शेवटची नजर त्याची, तेवढं पुरे. दुसरी म्हणते, घासाई त्याच्या हातची नसेल तर नाव कशाला? तिसरी अडचण या दोघींनाही सोडवता येत नाही. एखाद्यानं आपल्याच गॅरेजमध्ये सीएनसी घेतलं, प्रोग्रॅम स्वतः लिहिला, भाग स्वतः काढले, तर ते काम एकहाती आहे पण हातचं नाही. त्याचा शेजारी तेच भाग बाहेरून आणून तीन दिवस कानस आणि बेल्टवर घालवतो. कस्टम कोण?

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटेल, पण त्याची किंमत चुकवावी लागते गिऱ्हाइकाला. तोच आराखडा कारागीर आधी दोन हजार डॉलरला देतो, मग सहाशेला मिडटेक काढतो, मग एखाद्या कंपनीला परवाना देतो आणि तो दीड-दोनशेला मिळू लागतो. पुष्कळदा शेवटच्याची उघडझाप पहिल्यापेक्षा गुळगुळीत असते, कारण त्या कारखान्यातलं यंत्र नवं असतं. दोन हजारवाल्याच्या मनात काय येत असेल ते सांगायला नको. त्याला समजावणीसाठी ‘फुल कस्टम’, ‘सेमी-कस्टम’, ‘कस्टम विभाग’ अशी लेबलं निघाली. शेवटच्या प्रकारात तर कंपनीच आपल्या नेहमीच्या चाकूला थरांची नक्षी उमटलेलं डमास्कस पातं, झिर्कोनियम धातूचे तुकडे आणि विजेचा दाब बदलून निळ्या-जांभळ्या केलेल्या टायटेनियमचा साज चढवते. साज उत्तम असतो. पण मापही कारखान्याचं आणि निवडही कारखान्याची असते.

दागिन्यांच्या बाबतीत अमेरिकेत ‘हॅन्डमेड’ कशाला म्हणावं याची सरकारी मार्गदर्शक व्याख्या आहे: कच्च्या मालापासून आकार देण्यापासून नक्षीपर्यंत सगळं हातमेहनतीनं आणि हातानं नियंत्रित केलेल्या पद्धतीनं झालेलं हवं. चाकूंसाठी कुणी तशी व्याख्या लिहिली नाही. कारागिरांच्या संघटनांनी आपापल्या सभासदांपुरते नियम केले, पण शिक्का वापरणारे बहुतेक सभासद नव्हतेच.

तोवर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग शहर मैदानात उतरलं होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावानं स्वस्त माल करणाऱ्या तिथल्या कारखान्यांपैकी काहींनी २०१० नंतर स्वतःच्या नावानं टायटेनियमचे चाकू काढले. इटलीतल्या मानियागोत टायटेनियमच्या एकाच ठोकळ्यातून अख्खी मूठ कोरून काढणं सुरू झालं. रशियातून आलेल्या चाकूंनी बेअरिंगच्या गुळगुळीतपणाचा नवा मापदंड घातला आणि हजार डॉलरचा भाव रूढ केला. २५०-३०० डॉलरच्या चिनी चाकूतली फिटिंग बघून जुने संग्राहक पहिल्यांदा नाराज झाले, मग गप्प झाले, आणि आता त्यांच्या पेटीतही दोन-तीन निघतात.

पोलादाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे मोजून बघता येतं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधल्या पोलाद कारखान्यानं एस३०व्ही हे भुकटीपासून दाबून केलेलं पोलाद खास चाकूंसाठी काढलं. त्याच्या घडणीत बॉयसीच्या त्याच सेबेंझावाल्या कारागिराचा सल्ला होता. ऑस्ट्रियाचं एम३९० मुळात प्लास्टिकच्या साच्यांसाठी आणि यंत्रांच्या भागांसाठी केलेलं, पण महागड्या चाकूवर ते नाव कोरलं जाणं प्रतिष्ठेचं झालं. मग २०१८-१९ च्या सुमाराला काही हौशी लोकांनी आपले चाकू कडकपणा मोजणाऱ्या यंत्राखाली धरले. एम३९० कडून रॉकवेल मापावर साधारण ६० ते ६२ ची अपेक्षा. काही महाग चाकू ५७-५८ वर थांबले. पोलाद खरं होतं, पाणी नीट दिलं नव्हतं. मऊ पात्याला कारखान्यात धार लावायला वेळ आणि बेल्ट दोन्ही कमी लागतात, हे त्यामागचं एक साधं कारण सांगितलं जातं. कस्टम शिक्क्यावरचा वाद कधी मिटला नाही. कडकपणाचा आकडा मात्र त्यानंतर कंपन्या जाहिरातीत छापू लागल्या.

हा शौक भारतातही थोडाफार पोचला आहे, पुण्या-मुंबईतही. इथे कायदा कारागिरी विचारत नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं बटणदार, गरारीदार आणि यांत्रिक खटक्यानं उघडणाऱ्या चाकूंना मर्यादा घातली ती ७.६२ सेंटीमीटर लांबीची, म्हणजे तीन इंचांची. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही बरोबर तोच आकडा आहे, आणि लॉक होणारा चाकू तिथली न्यायालयं ‘घडीचा’ मानतच नाहीत. म्हणजे या सगळ्या लेखात ज्या लॉकचं कौतुक चाललं आहे, त्याच्यामुळेच तो चाकू सबळ कारणाशिवाय लंडनच्या रस्त्यावर खिशात ठेवता येत नाही.

सध्याची चर्चा शिक्क्यापेक्षा दुरुस्तीकडे वळली आहे. मोठी कंपनी दहा वर्षांनी पाठवलेला चाकू खोलून, धुऊन, धार लावून परत देते. एकहाती कारागीर निवृत्त झाला किंवा गेला, तर त्याच्या मापाचा स्क्रूसुद्धा मिळत नाही. खुद्द पोलादाचा भरवसाही डळमळला: सिरॅक्यूजच्या त्या कारखान्यानं डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२१ पासून गाजत असलेलं मॅग्नाकट हे चाकूंचं पोलाद तिथेच तयार होत होतं. त्या आठवड्यांत साठा करून ठेवायची धांदल उडाली ती कारागिरांची आणि कंपन्यांची सारखीच.