वाकडं मॅगझिन म्हणजे रशियन एके-४७ नव्हे

टांझानियाच्या सैनिकांचा फोटो फॉरवर्ड होतो, खाली ओळ असते: ‘हातात रशियाची एके-४७.’ घोटाळा होणं साहजिक आहे, कारण बाह्यरूप जवळपास सारखंच. पण १९६० च्या दशकापासून या सैन्याला चीनकडून मोठ्या प्रमाणावर शस्त्रं मिळत आली. त्यामुळे फोटोतली रायफल बहुधा एके-४७ ची चिनी नक्कल, टाइप ५६ असते. काडतूस तेच, ७.६२ × ३९ मिमी.

खात्री करायची तर आधी नळीचं टोक पाहा. टाइप ५६ च्या माशीभोवती (नेम धरायच्या पुढच्या खुंटीभोवती) बंद गोल कडं असतं. रशियन रायफलीवर दोन कान वर येतात, मधे मोकळं. नळीखाली दुमडलेली टोकदार संगीन दिसली तर रायफल बहुधा चिनी समजा. मात्र संगीन नाही म्हणून चिनी नाही, असं म्हणता येत नाही. दुमडत्या दस्त्याच्या अनेक रायफलींना ती नसते. मग मॅगझिनच्या वरची बाजू बघावी. जुन्या, घडीव पोलादी एके-४७ ला तिथे लांबट चौकोनी खाच असते, तर पत्र्याच्या एकेएमला (एके-४७ ची सुधारित आवृत्ती) छोटासा खळगा आणि वरच्या झाकणावर आडव्या कडा. टाइप ५६ चं झाकण गुळगुळीत. फोटो अगदी जवळून घेतलेला असेल तर फायर सिलेक्टरजवळची (एकेक गोळी की सलग, हे ठरवणाऱ्या खटक्याजवळची) अक्षरं वाचा: रशियन रायफलीवर सिरिलिक, चिनीवर चित्राक्षरं किंवा रोमन एल आणि डी.

रणगाड्यांचंही तेच. सोव्हिएत टी-५४ सारखा दिसणारा टांझानियाचा रणगाडा चिनी टाइप ५९ असू शकतो.