नगरउभारणी खेळ, तगून राहण्याचे

वस्ती वसवणे आणि ती उपासमार, थंडी किंवा अवर्षण यांतून पुढच्या हंगामापर्यंत जिवंत नेणे, हे मुख्य उद्दिष्ट असलेले व्हिडिओ गेम. खेळणाऱ्यांत ‘सर्व्हायव्हल सिटी-बिल्डर’ हेच नाव रूढ आहे. ‘सिमसिटी’ (1989) सारख्या नेहमीच्या नगररचना खेळात चुकीची भरपाई बहुधा तिजोरीतून होते. कर वाढवता येतो, कर्ज काढता येते. येथे ती माणसांच्या जिवाने होते, आणि चूक उघडी पडेपर्यंत दोन-तीन हंगाम उलटलेले असतात.

या प्रकाराच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार त्याची सुरुवात ‘बॅनिश्ड’ या खेळापासून (18 फेब्रुवारी 2014) होते. ल्यूक होडोरोविच यांनी तो जवळपास एकहाती घडवला. त्यानंतर ‘सर्व्हायविंग मार्स’ व ‘फ्रॉस्टपंक’ (दोन्ही 2018) आले आणि प्रकाराला ओळख मिळाली. नावापुरते हे मत ग्राह्य धरता येईल.

दुसरे मत धागा बराच मागे नेते. न्यूयॉर्क राज्यातील शिक्षिका मेबल ॲडिस यांनी आयबीएमच्या सहकार्याने शाळकरी मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ रचला. त्याचे पहिले रूप 1964 च्या सुमाराचे, सुधारित रूप 1966 चे मानतात. प्राचीन लगाश नगरीचा राजा होऊन मुलाने आलेल्या धान्याचे तीन वाटे करायचे: खायला किती, पेरायला किती, साठवायला किती. या खेळाचे वर्णन ऐकून डग डायमेंट यांनी 1968 च्या सुमारास फोकल या संगणकभाषेत त्याची छोटी आवृत्ती लिहिली. डेव्हिड आल यांनी ती बेसिक भाषेत आणून 1973 मध्ये एका संग्रहात छापली, आणि ‘हमुराबी’ या नावाने ती सर्वत्र पसरली.

‘हमुराबी’चे गणित मुळातून पाहण्याजोगे आहे. सुरुवातीला 100 माणसे, 1000 एकर जमीन आणि कोठारात 2800 बुशेल (धान्य मोजण्याचे एक माप) धान्य असते. वर्षाला माणशी 20 बुशेल, म्हणजे 2000 बुशेल खाण्यात जातात. दोन एकरांना एक बुशेल बियाणे, म्हणजे आणखी 500. शिल्लक 300, आणि त्यावर उंदरांचा डोळा. त्या वर्षी एकरी एकच बुशेल पिकले, तर पुढच्या वर्षी फार तर 1300 बुशेलांत निदान तेवढीच तोंडे भरायची, वर पेरणीही करायची. एका वर्षात 45 टक्क्यांहून अधिक लोक उपाशी मेले की राजा पदच्युत होतो. खेळ दहा वर्षांचा.

प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक पटते. ‘बॅनिश्ड’मध्ये नकाशा, घरे, ऋतू आणि सरपण यांची भर पडली, तरी गाभा त्याच तीन वाट्यांचा राहिला. मराठवाड्यात ज्या घरांनी ज्वारीची पेवे (जमिनीखालची धान्यकोठारे) भरली आणि उपसली, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पेवाला ओल लागली तर काय, आणि बियाण्याची ज्वारी दळायची वेळ आली तर मृगात पेरायचे काय, हे प्रश्न तेथे खेळातले नव्हते. मधल्या काळातील ‘फेरो’ (1999) मध्ये नाईलच्या पुरावर पीक ठरे, तर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ (2006) च्या खेळाडूंनी हरण्यातच मजा आहे हे आपले ब्रीद केले.

‘बॅनिश्ड’मधील अवघड भाग उपासमारीचा नसून वयाचा आहे. घरे कमी बांधली तर तरुण जोडप्यांना वेगळा संसार थाटता येत नाही, मुले होत नाहीत आणि गाव हळूहळू म्हातारे होते. घाबरून एकदम खूप घरे बांधली, तर एकाच वयाची पिढी एकदम वाढते आणि एकदमच सरते. कोठार भरलेले असताना गाव ओस पडते. खेळाडू पुन्हा पहिल्यापासून बसतो तो यामुळे: कुठे चुकले ते त्याला आता कळलेले असते.

‘फ्रॉस्टपंक’मध्ये कोळशावर चालणाऱ्या एका भट्टीभोवती शहर तगते. तेथे कस कायद्यांचा लागतो: मुलांना कामाला जुंपायचे का, पाळी चोवीस तासांची करायची का, अन्नात भुसा मिसळायचा का.

मराठवाड्याच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो ‘टिंबरबॉर्न’ (2021 पासून अपूर्णावस्थेत उपलब्ध झालेला). यातील वस्ती बीव्हर या प्राण्यांची. ओला काळ आणि कोरडा काळ आळीपाळीने येतात व कोरडा काळ लांबत जातो. बांध घालून पाणी अडवावे लागते. बाष्पीभवन पृष्ठभागावर अवलंबून असल्याने पसरट तळ्यापेक्षा खोल तळे जास्त टिकते. पंपाची नळी जेथवर पोचते त्याखालचे पाणी असून नसल्यासारखे. जायकवाडी धरणाच्या भाषेत मृतसाठा. या धरणाच्या जलाशयाची, म्हणजे पैठणच्या नाथसागराची, क्षमता जिवंत साठ्याची सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मृतसाठ्याची 26 टीएमसी आहे, हे आकडे येथे पेपर वाचणाऱ्या कोणालाही पाठ असतात.

साम्य येथे संपते. या खेळांत वस्ती बहुधा एकटीच असते. वरच्या अंगाला दुसऱ्या कोणाचे धरण नसते. गोदावरीवर नाशिक व अहिल्यानगरची धरणे आधी भरतात, म्हणून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर लढवला जातो. एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान मिरजेहून रेल्वेने आणलेल्या पाण्यावर भागवावी लागली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले. शेजाऱ्याचे देणे आणि शेजाऱ्याशी भांडण, दोन्हींना या खेळांत फारच थोडी जागा आहे.

स्थलांतराचेही तसेच. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’मध्ये (2023) मन खचलेले रहिवासी वस्ती सोडतात, पण गेलेला माणूस परत येत नाही. बीड जिल्ह्यात उचल (आगाऊ रक्कम) घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की पाडव्याच्या सुमारास परततो. तोवर गावात म्हातारी माणसे असतात, आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले.